दस्तगीरचा कान

"वस्ताद, कान मोडला. आता माझी जोड लावा."

दस्तगीर हौद्याच्या कडेला उभा होता. अंगात फक्त लंगोट, छाती पुढे काढलेली, आणि डावा कान वांग्यासारखा सुजून जांभळा झालेला. तांबड्या मातीच्या त्या चौकोनी हौद्याभोवती जोर मारणारी पोरं हात टेकून तशीच थांबली आणि माना वर करून बघायला लागली.

मी तालमीच्या दाराबाहेर दुधाची किटली घेऊन उभी होते. आत कोनाड्यात मारुती होता, त्यामुळे बायकामुलींनी उंबरा ओलांडायचा नाही असा रिवाज होता. वस्तादांची, म्हणजे आप्पांची, मुलगी असले तरी माझ्यासाठी तो मोडलेला नव्हता.

आप्पांनी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवलं.

"कवा मोडला?"

"काल."

"लढताना?"

"व्हय."

"कुणासंगं?"

दस्तगीरने डोळे मातीकडे वळवले.

"काल अमावास्या हुती," आप्पा म्हणाले. "तालीम बंद हुती."

मागून एक पोरगं फिसकन हसलं. आप्पांनी वळून बघितल्यावर ते पुन्हा जोर मारायला लागलं. मग आप्पांनी मला हाक मारली. "त्रिशला, किटली ठेव तिथं. ह्याला सायकलवर घे आणि डॉक्टरकडं चल. मी मागनं येतो."

"पर जोड?" दस्तगीर म्हणाला. "यात्रा आली की वो."

"कापडं घाल आधी," आप्पा म्हणाले.

आमच्या भागात पैलवान ओळखतात तो कानावरून. मातीत डोकी घासून, कान चुरगळून आत रक्त साखळतं, आणि ते सुकलं की कान आवळून गाठीसारखा होतो. असा कान असला की एसटीत लोक सरकून जागा देतात, सोयरिकीला गेलं तर मुलीचा बाप पुढची चौकशी करत नाही. आप्पांचे दोन्ही कान तसेच होते. डावा तर मुठीसारखा मिटलेला, आणि त्याने त्यांना ऐकू यायचं नाही. मिरजेच्या मैदानात कर्नाटकातल्या एका नामांकित पैलवानाला धरलं, त्यात तो गेला, अशी गोष्ट गावाला पाठ होती. सर्वांत रंगवून सांगायची ती माझी आई. लग्न झाल्यापासून ती त्यांच्या उजव्या बाजूने चालत आलेली होती.

मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन रिकामी होते. दिवसभर ग्रंथालयाची पुस्तकं वाचायची आणि सकाळी तालमीत दूध पोहोचवायचं. त्या वर्षी तालीम ओस पडायला लागली होती. शाळेच्या मैदानावर क्रिकेट सुरू झालं होतं, तालुक्याला संगणकाचे वर्ग निघाले होते, आणि पहाटे पोरगं उठवून देणारी आजोबांची पिढी एकेक करून जात होती. पोरं टिकावीत म्हणून आप्पा काय काय करायचे. लढत झाली की केळी वाटायचे, आठवड्यातून एकदा मातीतच कबड्डी लावायचे, न आलेल्या पोराच्या दारात सायकल उभी करून नुसती घंटी वाजवायचे. तरीही पोरं जायची. आधी जायची ती कमजोर. रोज पडायला कुणाला आवडतं?

एकटा दस्तगीर जात नव्हता. हडकुळा, गुडघे आत वळलेले, आणि जवळजवळ प्रत्येकाकडून पडणारा. पण तालमीचं दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसलेला असायचा. फावडं घेऊन हौदा उकरायचा, ढेकळं फोडायचा, माती चाळायचा, आणि मग लढायला उभा राहून पडायचा. दर यात्रेआधी तो आप्पांना विचारायचा, मैदानात माझी जोड कधी लावणार? आमच्या यात्रेत मोठ्या कुस्त्यांच्या आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात. दोन पोरं शेजारी उभी करायची, अंगलट जुळते का बघायची, हातात हात द्यायचा, की जोड लागली. जिंकणाऱ्याला ओंजळभर रेवड्या.

"चारचौघांत पडला की ह्यो परत यायचा न्हाई," आप्पा घरी आईला म्हणाले होते. "राहू दे असाच."

म्हणून त्याने विचारलं की ते त्याच्या कानाची पाळी ओढून म्हणायचे, "कान मोडू दे, मग लावू." सगळेच वस्ताद असं म्हणतात. पोरं हसतात आणि पुन्हा मातीत उतरतात.

सायकलवर दस्तगीर पुढच्या नळीवर बसला होता. त्याचा तो कान माझ्या हनुवटीखाली होता आणि मला बघवत नव्हता.

"कशानं मोडलास रे?"

"लाटण्यानं."

मी ब्रेक दाबला.

"पैला मुन्नीला सांगितलं, मार म्हणून," तो म्हणाला. मुन्नी त्याची धाकटी बहीण. "ती रडाय लागली. मग मीच दाराला डोकं लावलं आणि हाणलं. एका दणक्यात न्हाई झालं."

"आणि दुखलं नाही?"

"पैलवानाला दुखतंय व्हय, ताई?"

डॉक्टरांनी सुईने कानातलं रक्त काढलं, कापूस लावून डोक्याभोवती घट्ट पट्टी बांधली. दस्तगीरने हूं की चूं केलं नाही. डॉक्टर मात्र आप्पांवर संतापले. पडदा थोडक्यात वाचलाय, म्हणाले. कान पूर्ण बरा होईपर्यंत मातीत पाय ठेवायचा नाही. दुसऱ्या कानालाही असंच केलं तर पोरगं बहिरं होईल.

बाहेर आल्यावर आप्पांनी मला बाजूला घेतलं. "का केलं म्हणतोय?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना. कान मोडला की जोड लावतो म्हणून."

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली. मग दस्तगीरला केळं घेऊन दिलं आणि त्याला घरी सोडून ये म्हणाले.

दिवस कलताना ते मला म्हणाले, "चल, जैनबीभाभीकडं जाऊन येऊ." जैनबी ही दस्तगीरची आई. वडील ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. पुरुष घरी नसताना एकट्याने जाणं बरं दिसायचं नाही, म्हणून मी.

त्यांचं घर म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याला टेकलेली एक खोली. भिंतीपलीकडे माग चालू असायचे आणि त्यांचा खडखडाट खोलीतल्या भांड्यांतून फिरायचा. बोलायचं तर आवाज चढवूनच. जैनबी त्याच कारखान्यात पाळीने सुताच्या कांड्या भरायची. आम्हाला बघून ती उठली नाही.

"या वस्ताद. कशाला आलासा? दुसरा कान न्यायला?"

"भाभी, चुकलं माझं," आप्पा उभ्यानेच म्हणाले.

हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. वस्ताद चुकत नाही. चुकतो तो पठ्ठा, आणि तो पायाला हात लावतो.

"तुमचं कसं चुकलं? लाटणं तर माझ्या घरातलं हुतं." तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं. "उद्यापासनं माझं पोरगं येणार न्हाई. आणि माझंच न्हाई. मोमीनांची बाई येऊन गेली, शिरगुप्पेवैनी येऊन गेली. सगळ्याजणी काढून घेणार हैत आपापली पोरं. मग बसा एकटंच मारुतीपुढं जोर मारत."

कोपऱ्यात गोधडीवर दस्तगीर बसला होता. पांढऱ्या पट्टीमुळे त्याचं तोंड आणखीच लहान दिसत होतं.

"मी दुसराबी मोडणार," तो म्हणाला. "एक मोडून हुत न्हाई. वस्तादांचं दोन्ही हैत."

"ऐकलासा?" जैनबीचा हात उगारलेलाच राहिला. "दिवसभर हेच चालवलंय. मी कामावर जाऊ का ह्याचा कान धरून बसू?"

आप्पा खाली बसले. दस्तगीरच्या समोर, मांडी घालून. त्यांनी आपला डावा कान त्याच्यापुढे केला.

"ह्यो कुठं मोडला, म्हाईत हाय?"

"मिरजेच्या मैदानात," दस्तगीर म्हणाला. "कर्नाटकच्या पैलवानासंगं."

"न्हाई."

मागांच्या आवाजात दस्तगीरला ते नीट ऐकू आलं नसावं. तो पुढे झुकला. आप्पांनी आवाज चढवला.

"मैदानात न्हाई मोडला. घरात मोडला. तुझ्याएवढा हुतो. माझा वस्ताद मला मैदानात नेईना. मग मी आज्ज्याचा खडाव घेतला, चौकटीला डोकं टेकवलं आणि हाणला."

जैनबीने माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक असेल असं तिला वाटलं असावं. मी आप्पांच्या पाठीकडे बघत होते. त्या पाठीवरून लहानपणी मी सबंध गाव हिंडले होते.

"कुणाला सांगितलं न्हाई," आप्पा आता जवळजवळ ओरडून बोलत होते. "आईला न्हाई, बायकोला न्हाई. लोक मिरजेचं बोलाय लागलं, मी बोलू दिलं. पर त्या दिवसापासनं मला ह्या कानानं ऐकू येत न्हाई."

पाळी बदलायची वेळ होती. भिंतीपलीकडचे माग एकदम थांबले आणि शेवटचं वाक्य त्या शांततेत सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. दाराबाहेर डबे घेऊन निघालेले कामगार जागीच उभे राहिले. आप्पांना ते कळलं. त्यांनी दाराकडे एकदा बघितलं आणि परत दस्तगीरकडे वळले.

"दुखलं काय?" दस्तगीरने विचारलं. आता हळू बोललं तरी चालत होतं.

"लई दुखलं."

"रडलासा?"

"रडलो की. परड्यात म्हशीजवळ बसून रडलो. आत जाता येईना, सगळी विचारतील म्हणून."

दस्तगीरचा खालचा ओठ हलायला लागला. सकाळपासून, सुई टोचतानासुद्धा, तो रडला नव्हता. आता त्याने तोंड गोधडीत घातलं. जैनबी उठली, त्याला पट्टीसकट पदराखाली घेतलं, आणि थोड्या वेळाने आप्पांना म्हणाली, "एक खरं सांगा, वस्ताद. पैलवान हुणार काय ह्यो?"

आप्पांनी खोटं बोलावं असं मला फार वाटलं. पुस्तकात असतं तर बोलले असते.

"मैदान मारणारा न्हाई हुणार," ते म्हणाले.

पदराखालून दस्तगीरने डोकं बाहेर काढलं. "मग मी कशाला येऊ?"

"ते मला काय ठाऊक? बाकीच्यांच्या दारात मी घंटी वाजवतो. तुला कधी बोलवाय आलोय? तूच येतोस. माझ्या आधी येतोस. का येतोस ते तू सांग."

दस्तगीरने नाक पुसलं.

"तिथं असं असतंय," तो म्हणाला.

"असं म्हंजे कसं?"

"आत्ता हाय तसं. माग थांबल्यागत. लढताना कायबी ऐकू येत न्हाई. पडलं तरी न्हाई. माती गार लागती."

जैनबी त्याच्याकडे बघत राहिली. तो जन्मला तेव्हाही हे माग चालू होते, असं ती कधीतरी माझ्या आईला सांगत होती. तिने त्याच्या पट्टीवरून हात फिरवला.

"मग त्याच्यासाठी ये," आप्पा म्हणाले. "कान बरा झाल्यावर. आईनं पाठवलं तर."

तेवढ्यात दुसरी पाळी लागली आणि माग पुन्हा सुरू झाले. जैनबीने आम्हाला चहा दिला. पाठवते म्हणाली नाही.

परतताना आप्पा म्हणाले, "तुझ्या आईला मी सांगतो."

पण आम्ही पोहोचायच्या आत गोष्ट घरी पोहोचली होती. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती. आप्पांनी खाकरून सुरुवात करायचा प्रयत्न केला.

"इतकी वर्षं मी मिरज-मिरज करत हिंडले," ती न वळता म्हणाली. "मला तरी सांगायचं."

"तू लई झाक सांगत हुतीस," आप्पा म्हणाले. "मोडवंना."

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाजाराला जाताना मी मागे होते. ती सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला गेली, थबकली, आणि तशीच पुढे चालायला लागली.

गावाने आप्पांना सोडलं नाही. चहाच्या टपरीवर दुसऱ्या तालमीचा जन्याबापू पैलवान मुद्दाम मोठ्याने विचारायचा, "वस्ताद, खडाव डाव्या पायाचा का उजव्या?"

"तुला कुठला पायजे?" आप्पा म्हणायचे आणि चहा फुंकत बसायचे.

हसणं एकवेळ सोसलं असतं. पोरं खरोखरच गेली. मोमीनांचं गेलं, शिरगुप्प्यांची दोन्ही गेली. यात्रेच्या मैदानात रेवड्यांच्या कुस्त्यांना आमच्या तालमीतून एकही जोड लागली नाही. आप्पा फेटा बांधून कडेला उभे राहिले आणि हलगी थांबायच्या आत घरी आले. त्यानंतरही ते रोज पहाटे उठून तालमीत जात राहिले. हौदा स्वतःच उकरायचे. दुधाची किटली मी अर्धी भरून नेत होते आणि तीही उरत होती. एकदा मी विचारलं, "बंद करणार?" ते म्हणाले, "माती वाळली की दगड हुती. तवर बघू."

आप्पांना जाऊन आता दोन महिने होतील. गावाने शोकसभा घेतली. तालुक्याहून आलेल्या एका पाहुण्याने भाषणात सांगितलं की या मल्लाने मिरजेच्या मैदानात आपला कान दिला, पण पाठ दिली नाही. त्याला कुणी कल्पना दिलेली नव्हती. मागच्या बाजूला, जिथे आप्पांचे जुने पठ्ठे बसले होते, तिथून आधी एक, मग सगळेच खाली माना घालून हसायला लागले. पाहुणा गोंधळला. आईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की नाही ते मला दिसलं नाही. मी हसत होते, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला.

त्या वर्षीची यात्रा होऊन महिना झाला असेल, तेव्हाची एक सकाळ आठवते. मी किटली घेऊन दारात पोहोचले तर समोरून दस्तगीर येत होता. पट्टी गेली होती. कान थोडा वाकडा राहिला होता. त्याच्या मागे जैनबी होती. रात्रपाळी करून थेट आलेली, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. ती माझ्याजवळून पुढे गेली, उंबरा ओलांडला, आणि आतल्या भिंतीकडेच्या कट्ट्यावर जाऊन बसली.

हौद्यातली उरलीसुरली चार पोरं उभी राहिली. आप्पांच्या हातात फावडं होतं.

"भाभी, हितं बायका बसत न्हाईत," ते म्हणाले.

"मग ह्याला घेऊन जातो," जैनबी म्हणाली. आमच्याकडे बायकाही 'जातो-येतो'च म्हणतात. "मी न्हवतो म्हणून घरात कान मोडला. आता जे मोडायचं ते माझ्याम्होरं मोडू दे."

आप्पांनी कोनाड्याकडे बघितलं. मारुतीला नुकताच शेंदूर लावलेला होता. त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं.

"बसा," ते म्हणाले.

जैनबीची नजर दाराकडे गेली. "आणि ही पोरगी तिथं का उभी? ये गं. बस की."

मी आप्पांकडे बघितलं. ते दस्तगीरच्या कानाला कापडाची पट्टी बांधत होते, माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं, किंवा नाही असं ते दाखवत होते. मी चपला काढल्या. आतली जमीन बाहेरच्यापेक्षा गार होती, आणि माती, तेल, ताक, हळद असा एकत्र वास येत होता. आजवर तो वास आप्पांच्या अंगाला असतो एवढंच मला माहीत होतं. मी कट्ट्यावर जैनबीशेजारी बसले.

दस्तगीरने मातीला हात लावून तो कपाळाला लावला आणि लढायला उभा राहिला. पहिल्या झटक्यात पडला. जैनबी अर्धी उठली. आप्पांनी न बघताच हात वर केला, ती बसली. तो पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी समोरच्याने त्याची मान धरली, तशी ती कट्ट्यावरूनच म्हणाली, "पाय धर की त्याचा. पाय मोकळा हाय बघ."

"अम्मी, गप की," दस्तगीर मानेखालून म्हणाला.

"काय गप? पाय धर म्हणतो न्हवं?"

पोरं हसायला लागली. समोरच्यालाही हसू आवरेना, त्याची पकड सैल झाली, आणि दस्तगीरने खरंच त्याचा पाय धरला. ते दोघेही एकमेकांवर कोसळले. कोण वर आणि कोण खाली ते त्या धुरळ्यात कुणालाच कळलं नाही.

"ही कुस्ती धरायची न्हाई," समोरचा पोरगा उठत म्हणाला. "वस्ताद, बाहेरनं सांगितलं त्याला."

आप्पा उत्तर द्यायला वळले आणि त्यांना कट्ट्यावर आम्ही दोघी दिसलो. त्यांची नजर माझ्यावर थोडी जास्त थांबली. मी उठावं की बसावं ते मला कळेना.

"उद्या येताना शिरगुप्पेवैनींना घेऊन ये," ते मला म्हणाले. "मोमीनांच्या बाईलाबी. बसायला जागा हाय म्हणावं."

मग ते हौद्याकडे वळले आणि त्यांनी पुढची दोन पोरं उभी केली.